स्वल्प गॅस्ट्रिक

या, मंडळाची सभा सुरू व्हायला वेळ आहे, अशा जवळ सरकून बसा. त्या खुर्चीवर नको, इथे माझ्या शेजारी. परवा मंडळाच्या हळदीकुंकवाला छाती चोळत तुम्ही काय म्हणालात, ते ऐकलंय मी. "काही नाही हो मावशी, ॲसिडिटी." सर्जापूर रोडला बाराव्या मजल्यावर राहता, दोघंही नोकरीला, जेवण डब्यातून येतं, आणि दुखणं कसलं ते तुमचं तुम्हीच ठरवून मोकळ्या होता. बरं नाही हे. माझ्या घरात असं बोलल्या असतात, तर वरून डॉक्टर पिंगळे उतरले असते आणि पाऊण तास तुमची सुटका नव्हती.

पिंगळे आमचे भाडेकरू. मल्लेश्वरमला आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर बावीस वर्षं राहतात. मूळचे नागपूरचे, एकटेच. दारावर 'डॉक्टर' अशी पाटी, म्हणून सुरुवातीला गल्लीतली माणसं खोकला-ताप घेऊन जायची. हा गृहस्थ त्यांना समोर बसवून चाळीस प्रश्न विचारायचा आणि गोळी एकही द्यायचा नाही. मी एकदा बोलले तर म्हणतात, "अक्का, मी औषध देणारा डॉक्टर नाही, विचारणारा डॉक्टर आहे." म्हटलं, मग पाटीवर तसं लिहा.

हृदयाच्या मोठ्या इस्पितळात ते संशोधन करतात. हृदयाला रक्त पोचवणाऱ्या नळ्या तुंबतात ना, तो आजार. पण नळ्या बघणारे वेगळे. यांचा अभ्यास मधल्या वेळाचा. छातीत दुखायला लागल्यापासून इस्पितळाच्या दारात पोचेपर्यंत माणूस काय करत बसतो? सोडा पितो, जिरं चावतो, पाठीला बाम चोळून घेतो, फार तर देवापुढे दिवा लावतो. एवढ्या एका गोष्टीवर माणसाने अख्खी नोकरी काढली.

त्यात त्यांचा खरा वैरी एक शब्द. आमच्या बेंगळुरात पोट दुखो, पाठ दुखो, छाती आवळो, सगळ्याला एकच उत्तर, "स्वल्प गॅस्ट्रिक." म्हणजे थोडा गॅस झालाय. रिक्षावालाही तेच म्हणतो आणि बँकेचा मॅनेजरही. या शब्दापायी माणसं घरी बसून राहतात, असं पिंगळ्यांचं म्हणणं. खरंही असेल. पण म्हणून गणपतीच्या आरतीत? भटजींना ढेकर आला आणि त्यांच्या तोंडून तो शब्द गेला. पिंगळ्यांनी हातातली झांज खाली ठेवली. "भटजी, कुठे होऊन राहिलं? दाखवा." बिचाऱ्या भटजींनी बेंबीजवळ बोट टेकवलं. "बोटाने दाखवलं. करा आरती सुरू." तोवर कापूर विझला होता.

हे त्यांचं बोट आणि मूठ मला पाठ झालंय. नेहमीच असं नसतं म्हणतात, बायकांचं तर बरेचदा वेगळंच, जबडा दुखेल, पाठ दुखेल, नाहीतर नुसताच थकवा येईल. पण पुष्कळदा गॅसवाला एका बोटाने जागा दाखवतो, आणि ज्याची नळी तुंबली तो नकळत मूठ वळून छातीवर दाबतो. "तोंड काय म्हणते ते ऐकू नका अक्का, हात पाहा." हे मी भाजी निवडताना ऐकलंय, केस विंचरताना ऐकलंय, माझ्याच बहिणीच्या तेराव्याला ऐकलंय.

त्यांची एक वही आहे. दुखणं कसं होतं ते लोकांच्याच शब्दांत लिहून ठेवायचं. पीण्या औद्योगिक वसाहतीतला एक लेथवाला म्हणाला, यंत्रात लोखंडाचा जॉब पकडतात तसं कुणीतरी छातीला धरून आवळत होतं. एक कंडक्टर म्हणाला, भरल्या बसमध्ये कुणी कोपर रोवून उभं राहावं तसं. फुलवाली म्हणाली, हाराची गाठ ओढल्यासारखं. असे शब्द मिळाले की पिंगळे खूश. जिना उतरून येणार, मला वाचून दाखवणार, आणि माझं दूध उतू जाणार.

प्रत्येकाला शेवटचा प्रश्न ठरलेला. "दुखायला लागलं तेव्हा जवळ कोण होतं?" का, तर जवळ कुणी असलं की माणूस लवकर निघतो. आमच्या दूधवाल्याला हा प्रश्न इतक्यांदा विचारला, की तो आता पिशवी फाटकालाच अडकवून पळतो. त्याला कधी काही दुखलेलंसुद्धा नाही.

आता गेल्या महिन्याचं सांगते. अवरेकाळूचे दिवस, म्हणजे आपले पावटे. भिजवून, एकेक दाणा चिमटून साल काढायची, सकाळचे दोन तास त्यातच जातात. त्याचं उप्पीट केलं की एक वाटी वर जाते. ते आधी खोबऱ्यावरून मला बोलणार आणि मग वाटी चाटूनपुसून परत करणार. तर त्या दिवशी नऊ वाजता वाटी घेऊन मी वर गेले. दार उघडायला फार वेळ लागला. उघडलं तर अंगात आदल्या दिवशीचाच सदरा, कपाळाला घाम. बरे आहात ना, विचारलं.

"काही नाही अक्का," म्हणाले. "स्वल्प गॅस्ट्रिक."

मला आधी हसूच आलं. वाटलं, थट्टा करतायत. मग त्यांचा हात दिसला. उजव्या हाताची मूठ, छातीच्या मधोमध रुतवलेली. त्यांना स्वतःला पत्ता नव्हता.

मी वाटी तिथेच जिन्यात ठेवली आणि ॲम्ब्युलन्स बोलावली. "अक्का, स्वल्प थांबा, कमी होईल," हे चालूच. मी म्हटलं, तोंड काय म्हणतं ते मी ऐकत नाही. तेव्हा त्यांनी खाली पाहिलं, स्वतःच्या हाताकडे. मग दारातच खाली बसले. ॲम्ब्युलन्समध्ये बसल्यावर तेवढं म्हणाले, "वेळ लिहून ठेवा. नऊ वीस."

त्यांच्याच इस्पितळात नेलं. एक नळी जवळजवळ बंद होती. ती उघडून आत स्टेंट घातला. आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं, असं तिथले डॉक्टर मला बाहेर येऊन सांगून गेले.

तिसऱ्या दिवशी भेटायला गेले, तर त्यांच्या हाताखालची कावेरी कॉटशेजारी बसून त्यांच्याच अभ्यासाचा फॉर्म त्यांच्यासाठी भरत होती. कधी सुरू झालं? सकाळी सहाला. काय केलंत? सोडा प्यायलो. पोरगी खाली मान घालून लिहीत होती, पण हसू दाबताना खांदे हलत होते. शेवटचा प्रश्न आला. जवळ कोण होतं?

"कोणी नाही," पिंगळे म्हणाले.

मला राग आला. मी काय पावटे सोलत होते? तर म्हणतात, "पावटेच सोलत होत्या अक्का. दुखलं सहाला, तुम्ही आल्या नऊला. खोटं नाही लिहिता येत." मग मी सोडलं नाही. म्हटलं, तीन तास काय करत होतात? खाली मी आहे, हाताशी फोन आहे, आयुष्यभर लोकांना याच्यावरून छळलंत.

त्यांनी चादरीची कड दुमडली, उलगडली.

"फोन हातातच होता," म्हणाले. "पण तुम्हाला काय सांगायचं, ते सुचेना. मग म्हटलं, नऊला तुम्ही उप्पीट घेऊन येताच."

एवढी वही भरलेली, आणि या माणसाला स्वतःसाठी त्यातला एक शब्द सापडला नाही. कावेरीने पेन खाली ठेवलं होतं.

आता घरी आलेत. रोज सकाळी सहाला त्यांनी काठीने जमिनीवर दोनदा ठोकायचं, असं मी ठरवून दिलंय. खालून मी पळी आपटते. एखाद्या दिवशी साडेसहापर्यंत आवाज आला नाही की मी अर्ध्या जिन्यात असते, आणि ते मुद्दाम न ठोकता वर दारात उभे, हातात घड्याळ. "सव्वा मिनिट लागलं अक्का. धाप लागून राहिली का? दाखवा, कुठे?" म्हणजे इतकं सगळं होऊनही सुधारणा शून्य.

तर तुम्ही या. पावटे बाजारातून जायच्या आत या, या रविवारीच या, नवऱ्यालाही आणा. दाणे चिमटायला मला दोन हात हवेच आहेत. ते वरून उतरतील, चाळीस प्रश्न विचारतील, कंटाळू नका, सगळ्यांची उत्तरं द्या. आणि ती तुमची ॲसिडिटी रविवारच्या आधीच उठली, तर काय सांगायचं ते शोधत बसू नका. फोन लावा आणि नुसतं 'मावशी' म्हणा, पुढचं मी बघते.