मेरियलची सोपी फेरी

ऐक ना! मध्ये काही विचारू नकोस, आधी नुसतं ऐक. गावात जो तो ही गोष्ट आपापल्या परीने सांगतोय, आणि प्रत्येकाच्या गोष्टीत मेरियल एकदम सेनापती झालीये. खरं काय झालं ते वेगळंच आहे.

तर मेरियल डॉकरी. पोस्टाच्या खिडकीत बसते ती. पाकिटावर शिक्का जरा जोरात बसला तर पाकिटाची माफी मागेल अशी बाई. रविवारी सकाळी ती चर्चच्या भिंतीपाशी उभी राहून माणसं परत परत मोजत होती. कारण त्या दिवशी पहिल्यांदाच आमच्या चालण्याच्या मंडळाची सोपी फेरी तिच्या हवाली केली होती.

सोपी फेरी म्हणजे ओढ्याच्या काठाकाठाने जाणारी सपाट वाट. चढ नाही, चिखल बेताचा, दम लागेल तिथे बाक, आणि शेवटी ग्वेनच्या दुकानात चहा आणि गरम स्कोन, म्हणजे जॅम आणि साय लावून खायचा तो छोटा पाव. माणसं नऊ. कुणाचा गुडघा बदललेला, कुणाची कंबर धरलेली, नॉर्मनचा तर खुबाच नवा. आणि सगळ्यांत पुढे जांभळी टोपी घालून प्रुएटआजी. वय एक्याऐंशी. आठवडाभर मांजराशी बोलायचं आणि रविवारी माणसांशी, असं त्यांचं आयुष्य.

आणि ही फेरी बंद पडायची वेळ आली होती! मार्चमध्ये नॉर्मन बाकावर झोपला आणि बाकीचे त्याला तिथेच विसरून घरी गेले. एप्रिलमध्ये सगळी फेरी वाट चुकून कुणाच्या तरी लग्नात शिरली आणि केक खाऊन परत आली. अवघड फेरीचा कप्तान क्लाइव्ह हॉब्डे टपूनच बसला होता. भर थंडीत अर्धी चड्डी घालून, दोन हातांत दोन काठ्या घेऊन डोंगर चढणारा माणूस तो. "हे चालणं नाही, रांगणं आहे," असं भर सभेत म्हणाला होता.

शेवटी मंडळाच्या अध्यक्षा पेनेलपी ग्रीव्ह यांनी निकाल दिला. "मेरियल, मी ग्वेनकडे बसून मोजणार. नऊ निघाले की नऊ आले पाहिजेत. एक जरी हरवला, तर सोपी फेरी कायमची बंद."

"एकही हरवणार नाही," मेरियल म्हणाली.

आता गंमत बघ. निघाले, गप्पा मारत कुरणापाशी आले. तिथे मेंढ्यांसाठी ते लोखंडी फाटक आहे ना, सोडलं की धाडकन मिटणारं? मेरियलने ते उघडून धरलं. एकेक जण बाहेर पडला. "थँक यू हं, मेरियल." "किती गुणाची गं तू." प्रुएटआजी म्हणाल्या, "बाळा, हात दुखेल तुझा." नऊच्या नऊ गेले. आता सोडणार, एवढ्यात तिने मागे पाहिलं. क्लाइव्हची टोळी येत होती.

ते बरोब्बर त्या अंतरावर होते. कळलं ना कुठल्या? फाटक सोडावं तर उद्धटपणा होतो, आणि धरून ठेवावं तर येणाऱ्याला लाजेकाजेने धावावं लागतं, असं ते मधलं अंतर. मेरियलने धरून ठेवलं. ते धावले.

"अजून इथेच का?" क्लाइव्ह जाता जाता म्हणाला. "आम्ही डोंगर चढून उतरू, तोवर तुम्हाला ओढा दिसेल ना?"

त्यांच्या मागे एक जोडपं आणि त्यांचा कुत्रा. कुत्र्याला नेमकं त्याच खांबापाशी थांबायचं होतं. त्यांच्या मागे बाबागाडी. बाबागाडीच्या मागे एक सायकलवाला, पंक्चर झालेली सायकल ढकलत. तो तर फाटकाच्या मधोमध थांबला आणि खिळा कसा, कुठे लागला ते सांगायला लागला. मेरियल मान डोलावत राहिली. एक डोळा त्याच्याकडे, एक डोळा पुढच्या वळणाकडे. वळणावर आता कुणीच दिसत नव्हतं.

"माझी माणसं..." ती म्हणाली.

"हो ना, माणसं हल्ली खिळे कुठेही टाकतात," सायकलवाला म्हणाला.

तो गेला आणि मेरियल सुटली. धावत फाट्यापाशी आली. डावीकडे ओढा, उजवीकडे रूक हिलचा चढ. दोन्हीकडे चिटपाखरू नाही. तिने विचार केला, रोजची वाट आहे, गेले असतील पुढे. ओढ्याच्या काठाने धावत सुटली. पहिला बाक रिकामा. दुसरा बाक रिकामा. बाकावर नॉर्मन झोपलेला नाही याचं तिला आयुष्यात पहिल्यांदाच वाईट वाटलं.

ग्वेनच्या दुकानात शिरली तेव्हा तिचा चेहरा बीटासारखा झाला होता. खिडकीपाशी पेनेलपीबाई ताठ बसलेल्या. टेबलावर नऊ कप मांडलेले.

"कुठे आहेत सगळे?"

"येतायत. जरा मागे आहेत."

"मागे? कळपाला मागे टाकून मेंढपाळ पुढे आलेला मी पहिल्यांदाच बघतेय."

मेरियल आत स्वयंपाकघरात गेली आणि ग्वेनचा दंड धरला. "ग्वेन, हरवले."

"परत नॉर्मन?"

"सगळे."

"सगळे?" ग्वेनच्या हातातली किटली वाकडी झाली. "अगं, एखादा हरवतो, मी समजू शकते. पण नऊच्या नऊ? ते तर कुणाला ठरवूनसुद्धा जमणार नाही!"

"हळू बोल ना! प्रुएटआजींना मी काय तोंड दाखवू? ही फेरी बंद झाली तर त्या मांजराशीच बोलत बसतील."

"तू बाहेर जाऊन शोध. मी हिला धरून ठेवते." ग्वेन बाहेर गेली आणि पेनेलपीबाईंसमोर स्कोन ठेवला. मुद्दाम आधी साय लावून, वर जॅम.

"ग्वेन! आधी जॅम, मग साय. किती वर्षं सांगतेय मी?"

"का बरं? मला समजावून सांगा की नीट."

बाई समजावायला लागल्या. मेरियल मागच्या दाराने निसटणार, तेवढ्यात समजावता समजावता बाईंनी खिडकीतली ग्वेनची पक्षी बघायची दुर्बीण उचलली आणि डोंगराकडे लावली.

"अगबाई," बाई म्हणाल्या. "रूक हिलच्या माथ्यावर जांभळी टोपी."

मेरियल दारातच थिजली.

"आयडा प्रुएट! आणि तिच्या मागे... नॉर्मन. नव्या खुब्यासकट. मेरियल, तुझी सोपी फेरी डोंगरावर काय करतेय?"

मेरियल दार सोडून खिडकीपाशी धावली.

"आणि क्लाइव्ह कुठे आहे?" बाईंनी दुर्बीण जरा खाली केली. "अरेच्चा. क्लाइव्ह बसलाय."

त्यानंतरचा वेळ मेरियलने कसा काढला ते तिचं तिला माहीत. एकामागून एक घसरतायत, रुग्णवाहिका येतेय, अशी चित्रं डोळ्यांसमोर. ती रस्त्यात जाऊन उभी राहिली. आणि मग वळणावरून आवाज आले. हसण्याचे! गाल लाल, केस विस्कटलेले, चिखल गुडघ्यापर्यंत, अशी ती सगळी वरात आली. मधोमध क्लाइव्ह, एक हात नॉर्मनच्या खांद्यावर, एक प्रुएटआजींच्या.

"पोटरीत गोळा आलाय बिचाऱ्याच्या," आजी म्हणाल्या. "हळू रे बाळा. इथे पायरी आहे."

दुकानातली सगळी गिऱ्हाइकं उठून टाळ्या वाजवायला लागली. पेनेलपीबाईंनी बोट पुढे करून मोजलं. परत मोजलं. "नऊ निघाले," त्या म्हणाल्या, "आणि दहा आले."

"पण तुम्ही वर गेलात कसे?" मेरियलने रडवेल्या आवाजात विचारलं.

"अगं, फाट्यावर तुझी वाट बघत होतो," आजी म्हणाल्या. " क्लाइव्हची माणसं चढाला लागली. मला वाटलं, तूच आज वाट बदललीस आणि त्यांना आमच्या पुढे धाडलंस. मी निघाले त्यांच्या मागे."

"आणि आम्ही आयडाच्या मागे," नॉर्मन म्हणाला. "मला लगेच कळलं होतं की चुकतंय."

"मलाही कळलं होतं," कंबरवाल्या बाई म्हणाल्या.

"मलाही," आणखी तिघं म्हणाली.

"मग बोलला का नाहीत?"

"छे! आयडाला किती अवघडल्यासारखं झालं असतं!"

"आणि मी वळून सांगणार तरी कशी?" आजी म्हणाल्या. "बाकीचे एवढे उत्साहाने चढत होते."

क्लाइव्ह खुर्चीत पाय पसरून कण्हत होता. "मागून फाँफाँ श्वास ऐकू यायला लागले. मला वाटलं कुणीतरी तगडा गडी मला गाठतोय. मी वेग वाढवला. तर श्वाससुद्धा वाढले!"

"तू धावायला लागलास रे. मागे रेंगाळणं बरं दिसतं का?" आजी म्हणाल्या.

"आणि तुझी माणसं?" पेनेलपीबाईंनी विचारलं.

"एवढं पळवलं म्हणून ती चिडली माझ्यावर. अर्ध्या वाटेत बसून सँडविच खातायत." क्लाइव्हने मान खाली घातली. "पुढचे काही रविवार... माझं नाव सोप्या फेरीत घालता येईल का?"

प्रुएटआजींनी त्याला नखशिखांत न्याहाळलं. "बघू हं. आम्हाला फार हळू चालणारी माणसं परवडत नाहीत."

अख्खं दुकान हशाने दणाणलं! क्लाइव्हसुद्धा हसला, पोटरी धरून. ग्वेनने दहावा कप आणला.

आणि मग पेनेलपीबाई उठल्या. चमचा कपावर वाजवला. "सोपी फेरी बंद होणार नाही. इतकंच नाही, मला आता सगळं उमगलंय. मेरियल, तू मुद्दाम मागे राहिलीस. या लोकांना स्वतःच्या पायांवर भरवसा यावा म्हणून त्यांना एकटं सोडलंस. असं धाडस मला कधी झालं नसतं. आजपासून सोपी, अवघड, दोन्ही फेऱ्या तुझ्या."

सगळे तिच्याकडे वळले. मेरियलने खरं सांगायला तोंड उघडलं. अगदी उघडलं होतं! पण समोर प्रुएटआजी बसल्या होत्या. ओठावर साय, डोळे लखलखत, शेजारच्या अनोळखी बाईला सांगत होत्या, "आमची मेरियल म्हणाली असणार, ह्यांना जमेल. आणि जमलं की हो!"

मेरियलने तोंड मिटलं. खुर्ची ओढली, ऐटीत बसली, स्कोन उचलला आणि म्हणाली, "चढ तसा सोपाच आहे तो."

आता तूच सांग, तिच्या जागी तू असतीस, तर काय केलं असतंस?