सोपानची इमर्जन्सी

निमगाव सावाच्या अभ्यासिकेत कॉम्प्युटर पंधरा आणि इंटरनेटची लाइन एकच, तीही मरतुकडी. त्यावर सोपानच्या प्रज्ञानं तोडगा काढला. मधे एक सर्व्हर बसवला. एका पोरानं नेटवरचा धडा उघडला की तो सर्व्हरच्या डिस्कवर राहायचा. पुढच्यांना तिथूनच मिळायचा. पण डिस्क रखडत होती. कुणी फाइल नुसती वाचली, तरी वाचल्याची वेळ टिपत बसायची. सेटिंगमध्ये ‘नोएटाइम’ हा शब्द घातला, की तिचा हा नसता उद्योग थांबणार होता.

सोपानला यातलं एवढंच कळलं, की हे करायला पुण्याहून कुणी आलं नव्हतं, आपल्या पोरीनं केलं होतं. त्यानं कडक इस्त्रीचा शर्ट घातला आणि गाव गोळा केलं.

“बगा राव, आता कसा पळतोय!”

प्रज्ञानं शब्द टाकला, सर्व्हर बंद करून चालू केला. स्क्रीन काळीठिक्कर झाली. खाली इंग्रजीत एक ओळ उमटली.

“इमर्जन्सी!” शेजारच्या रामदासनं मोठ्यानं वाचलं.

सोपान मटकन खुर्चीत बसला. त्याला दरदरून घाम फुटला. दारातल्या गर्दीला शब्द ऐकू आला आणि घामेजलेला सोपान दिसला. कुणीतरी लगेच ॲम्ब्युलन्सला फोन लावला. रामदासच्या बायकोनं, साळुबाईनं, तांब्याभर पाणी सोपानच्या डोक्यावर ओतलं.

“वैनी, मला काय न्हाई झालं! मशीनला झालंय!”

“भावजी बरळाया लागलं,” म्हणत साळुबाई दुसरा तांब्या भरायला पळाली.

“आबा, घाबरू नका!” कीबोर्डवरची बोटं न थांबवता प्रज्ञा ओरडली. “नोएटाइममधला ‘ए’ टाकायचा राहिला. मशीनला शब्दच कळंना!”

तेवढ्यात ॲम्ब्युलन्स आली. डॉक्टरीणबाईंनी सोपानचं काही ऐकून न घेता त्याच्या ओल्या दंडाला पट्टा बांधला. पट्टा फुगत असतानाच स्क्रीन उजळली. पंधराही पोरांनी एकदम धडा उघडला आणि पंधराही कॉम्प्युटरवर तो झटक्यात आला. अभ्यासिका टाळ्यांनी दणाणली. सोपानची छाती पट्ट्याहून जास्त फुगली.

“बीपी थोडं वाढलंय, बाबा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “गोळी चालू आहे का?”

“गोळी न्हाई, बाई,” शर्ट पिळत सोपान म्हणाला, “सर्व्हर चालू हाये. माज्या पोरीचा!”