गॅसवरचा भोपळा

ताहेराचा झारा सापडत नव्हता. कढईत तेल तापत होतं, भज्यांचं पीठ भिजवून तयार होतं, आणि झाऱ्याचा पत्ता नाही. तो कुठं असणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. मिरजेत तानपुरे करणाऱ्या माणसाशी लग्न केलं की स्वयंपाकघरातलं एकेक भांडं कारखान्यात नांदायला जातं. ती तरातरा बाहेरच्या खोलीतल्या कारखान्यात गेली. तिचा नवरा बादशहा तिच्याच झाऱ्यानं पॉलिशची लाख गाळत बसला होता.

"आवं, ह्यो झारा हाय का गाळणं? आन माझी झाकणं कुठं गेली?"

"त्यात सरस कालवलाय. जरा वाळलाय."

"सगळ्यांत?"

"एका झाकणात मावतोय व्हय?"

यावर ताहेरा जे बोलली ते लांबलं. तीस वर्षांतली सगळी भांडी निघाली. मग करपट वास आला.

दोघं धावली. कढईतल्या तेलानंच पेट घेतला होता. ताहेरानं लांबूनच गॅसचं बटण फिरवलं, पण जाळ खाली बसेना. बादशहानं पाण्याची बादली उचलली.

"पाणी नगं! भडका उडंल! झाकण आणा, झाकण!"

बादशहा कारखान्यात पळाला. झाकणं सरसानं फळीला घट्ट चिकटलेली. एक ओढलं, तर अख्खी फळीच उचलून आली. "निघंना गं!" तो ओरडला. ताहेरा मागोमाग आलीच होती. तिनं चहूकडं बघितलं आणि खिडकीतला भोपळा उचलला.

"ए! त्यो न्हाई!"

शंभरातून निवडून, वर्षभर वाळवून, त्याचं तोंड बादशहानं सकाळीच कापलं होतं. कोरेगावला गाणं शिकवणाऱ्या राजेश्वरीबाई आज तो बघून तानपुऱ्याचं पक्कं करणार होत्या. भजीसुद्धा त्यांच्यासाठीच होती. ताहेरानं तो कढईवर पालथा घातला. कढई त्याच्या पोटात गडप झाली आणि जाळ दिसेनासा झाला.

"विझला! काढ आता!"

"हात लावू नगा! तेल गार व्हायच्या आत उघडलं तर परत पेटतं." ती लाटणं घेऊन पहाऱ्याला उभी राहिली.

बादशहा बसला. उठला. वास घेतला. परत बसला.

"तडकला का गं? आवाज आला."

"तुमच्या गुडघ्याचा आला."

इतक्यात दारात राजेश्वरीबाई. "बादशहाभाई, कुठंय माझा भोपळा?"

"गॅसवर."

"शिजवताय?"

सगळं सांगावं लागलं. बाई "अगं बाई, अगं बाई" करत पाटावर टेकल्या. बादशहाला मात्र एक जागा धरवेना. अर्ध्या तासानं ताहेरानं लाटणं खाली ठेवलं. बादशहानं भोपळा उचलला. आतून काळाभोर, पण अखंड! भीत भीत टिचकी मारली. भोपळा घुमला.

"वाजतोय! ऐका बाई! काळं घासून काढतो, तानपुरा लय झक्कास हुईल बघा!" त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं.

बाईंनी भोपळा हातात घेतला. टिचकी काही मारली नाही. कढईवर पालथा घालून बघितला, पुन्हा उचलला, पुन्हा घातला.

"तानपुऱ्याला दुसरा बघा," त्या म्हणाल्या. "हा मी घरी नेते. आमच्याकडंही वेळेला एक झाकण हाताशी नसतं. मागच्याच महिन्यात पडदा जळाला."

"आवं बाई, न्हेता कसा?" ताहेरानं दुसरी कड पकडली. "ह्यो आता आमच्या गॅसजवळच ऱ्हाणार!"

दोघींची ओढाओढ सुरू झाली. बादशहाकडं बघायला कुणालाच सवड नव्हती. शेवटी तो शिडी लावून माळ्यावर चढला आणि उरलेले भोपळे चाचपू लागला. खालून ताहेराची हाक आली.

"आवं, चढलाच हाय तर एक बारका पण काढा, दुधाच्या पातेल्यापुरता!"