भटजी खाली, बँड वर

"औंदा हलगी हलगीच्या जागी आन् बोलनं बोलन्याच्या जागी! घरात टीव्ही बघनाऱ्याला एकूणएक शब्द ऐकाय न्हाई आला, तर मिशी काढून फिरीन!"

माधवनगरच्या माइकवाल्या कृष्णातनं जत्रा कमिटीपुढं असं छातीठोक सांगितलं, त्याला कारण होतं. जत्रेतल्या कुस्त्या एक स्थानिक चॅनेल थेट दाखवतं. सातारा, सांगली, दोन्हीकडं घरोघरी लोक बघतात. गेल्या वर्षी आवाजाचं काम दुसऱ्याच कुणाकडं होतं आणि चार तास नुसती हलगी कडकडली. निवेदक काय बोलला ते त्याचं त्यालाच ठाऊक!

कमिटीचे अध्यक्ष दादासो म्हणाले, "गड्या, तू लग्नात वाजवनारा. ह्यो मैदानाचा कारभार हाय."

"आवं अध्यक्ष, पंधरा वर्सं भटजी आन् बँड सांभाळतोय. मला निवेदक आन् हलगी काय अवघड?"

दादासोंना पटलं. पण खरी गोष्ट कृष्णातनं पोटातच ठेवली होती. शेवटची कुस्ती होती शिवतेजची. शिवतेज म्हणजे त्याच्या बायकोचा, मंगलचा भाचा, आणि लोणंदच्या आबा पैलवानांचा नातू. हे आबा कृष्णातचे सासरे. त्यांचा एक डोळा मागंच गेलेला, दुसऱ्याचं परवाच ऑपरेशन झालेलं. डोळ्यांवर पट्टी. त्यामुळं यंदा आबा टीव्ही बघणार नव्हते, नुसता ऐकणार होते. मंगल त्यांच्या उशाशी माहेरी जाऊन बसली होती.

लग्नाला बारा वर्षं झाली, पण आबांनी या जावयाला एकदाही शाबास म्हटलं नव्हतं. घरात तीन पिढ्यांची तालीम, आणि जावई माइकवाला! "हॅलो हॅलो करून पोट भरतंय व्हय?" असं ते चारचौघांत विचारायचे आणि कृष्णात चहाच्या बशीत बघत बसायचा. आज आबांचे कान त्याच्या हातात होते. एक शाबास मिळाली तरी पुरे!

त्याच्या मिक्सरवर लग्नसराईतल्या चिकटपट्ट्या तशाच होत्या. वर-खाली सरकणाऱ्या एका बटणावर 'भटजी', दुसऱ्यावर 'बँड'. त्यानं निवेदकाला भटजीवर घेतलं, हलगीला बँडवर. निवेदकापुढं दोन माइक: मैदानातल्या भोंग्याचा कमिटीच्या माणसाच्या ताब्यात, टीव्हीचा कृष्णातच्या. कानाला हेडफोन लावून तो असा बसला, जणू विमानच चालवतोय!

आणि खरंच, आवाज झकास जात होता. चार वाजता मंगलचा फोन आला.

"आवं, आबा मान डोलवत्यात! म्हनले, निवेदकाला डाव कळत्यात."

"आन् आवाजाचं काय म्हनले?"

"त्ये काय न्हाई म्हनले."

मान डोलली होती ना! कृष्णातनं तेवढ्यावर दोन ग्लास उसाचा रस मागवला.

सूर्य कलला तशी शिवतेजची कुस्ती लागली. अठरा मिनिटं झाली, कुणी कुणाला ऐकेना. दोघंही मातीनं असे लालेलाल झालेले, की जन्मदात्यानंही हाक मारून खात्री करावी. आणि एकाएकी शिवतेजनं ढाक डाव मारला! समोरचा गडी पाठीवर! मैदान उठलं. फेटे, टोप्या, गुलाल, सगळं आभाळात!

इथंच घात झाला. लग्नात शेवटचं 'सावधान' झालं, अक्षता पडल्या, वऱ्हाड ओरडलं, की कृष्णातचा एक हात भटजी खाली करतो आणि दुसरा हात बँड वर. हजारभर नवरा-नवरी या हातांनी वाजवून काढले होते. हातांना काय कळतंय लग्न कोणतं आणि कुस्ती कोणती! त्यांनी आपलं काम चोख केलं. भटजी पार खाली, बँड पार वर! आणि कृष्णात हेडफोन फेकून खुर्चीवर चढून नाचायला लागला.

निवेदक घसा फोडून नाव सांगत होता. भोंग्यावरनं ते मैदानात ऐकू येत होतं. घरोघरी मात्र नुसती हलगी! आणि कॅमेऱ्यापुढं लोकांच्या पाठी. दोन जिल्ह्यांत कुणालाच कळेना, जिंकलं कोण?

फोन वाजला. हलगीच्या दणक्यात कृष्णातला काही ऐकू येईना. मंगल एकच विचारत होती, ते त्याला तिसऱ्या वेळी समजलं.

"आवं, जिंकलं कोन? आबा अंथरुनात उठून बसल्यात, पट्टी काढाय निघाल्यात!"

कृष्णातनं मिक्सरकडं बघितलं, तर भटजी तळाला! त्यानं घाईनं बँड बंद केला, भटजी होता नव्हता तेवढा वर चढवला. तोवर हलगीवाले मिरवणुकीबरोबर देवळाकडं निघाले, भोंगा बंद झाला, निवेदकही माइक टेबलावर ठेवून गुलालात घुसला. मांडवात शांतता. कृष्णात निवेदकाच्या खुर्चीत मटकन बसला, अगदी त्या माइकपुढं.

"अगं, शिवतेज जिंकला! सांग आबांना!"

पलीकडं आनंदाची आरोळी उठली. कृष्णात मात्र फोनवर रडगाणं गायला लागला.

"पर माझं हसं झालं की गं! समदा दिस झ्याक गेला आन् नेमकं नावच खाल्लं. आता म्हातारं बोलायचं सोडंल व्हय? बारा वर्सं ऐकतोय. मला बगितलं की तोंड असं करतंय, जसं कारल्याचा रस पाजलाय! एकदा, नुसतं एकदा शाबास म्हनला असता, तर काय त्येची तालीम पडली असती?"

"आवं, गप बसा!"

"का गप बसू? दिवाळीला माझी खाट गोठ्याकडं टाकत्यात, त्ये दिसत न्हाई व्हय मला?"

"आवं, समदं टीव्हीवर ऐकाय येतंय!"

कृष्णातनं मान वर केली. माइकवरचा लाल दिवा त्याच्या नाकापासनं वीतभर लांब होता. मिरवणुकीच्या चित्रावर दोन जिल्ह्यांनी त्याचं सासर ऐकलं होतं. शिरवळच्या मावससासूचा फोन मधनंच यायलाही लागला होता!

पलीकडं खुडबुड झाली. फोन आबांनी घेतला. कृष्णातनं डोळे मिटले.

"जावईबापू," आबा सावकाश म्हणाले, "आवाज लय सपष्ट आला. शाबास!"

कृष्णातला रडू आलं. खरंच आलं. बारा वर्षांनी!

पण त्याची दैना बघा. गोठा, खाट, कारल्याचा रस, हे दोन जिल्ह्यांत तोंडपाठ झालंय. आबांची शाबास मात्र फोनवर आली, ती टीव्हीवर कुणालाच ऐकू गेली नाही. तो शपथेवर सांगतो, तर लोक हसतात. मंगलला साक्षीला बोलावलं, तर ती म्हणते, "मी तवा साखर वाटाय शेजारी गेलते."