समुद्र नारळ घेईना

लालासाहेब हवालदार लढाई संपल्यावर घरी आले, तेव्हापासून विट्याजवळच्या त्यांच्या गावात समुद्र पाहिलेला माणूस तेवढा एकच होता. संध्याकाळी पारावर ते समुद्र सांगत आणि गाव ऐके. लाटा डोंगराएवढ्या, मासे खोंडाएवढे. खरं म्हणजे लढाईसाठी इराकातल्या बसऱ्याला जाताना आणि येताना ते बोटीच्या पोटात बालदीत तोंड घालून पडले होते. बंदरावर चढता-उतरताना दिसली ती पुढच्या शिपायाची पाठ. हे त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

ते तसंच राहिलंही असतं. पण बनुबाईंनी नवस बोलला होता, धनी सुखरूप परत आला तर समुद्राला नारळ.

"येरळंत सोड की," लालासाहेब म्हणाले. "जाईल वाहात समुद्राला."

"ती नदी पल्याडच्या समुद्राला जाती. मास्तरानी सांगितलंय," बनुबाई म्हणाल्या. "तुमी ह्या अंगाच्या समुद्रातनं गेला हुता."

तेव्हापासून लालासाहेबांनी मास्तरांचं कधी भलं चिंतलं नाही. दोघं मोटारीनं घाट उतरून कोकणातल्या एका लहानशा बंदरावर गेले. वाटभर बनुबाईंचे प्रश्न चालूच होते. पाणी खारट, तर माशास्नी तहान लागत न्हाई व्हय? एवढं पाणी, मग काठावरची मानसं विहीर कशापायी खांदत्यात? लालासाहेब प्रत्येकाला उत्तर देत होते, कारण माहीत नसलं की त्यांचा आवाज आणखी भारदस्त होई.

दुपारची वेळ. काळ्या खडकांच्या मधे वाळूवर जाळी सुकत होती आणि गाव निजलं होतं. समुद्र पार लांब ओसरलेला. तो पाहून लालासाहेबच क्षणभर थबकले. पण बायको बघते आहे म्हटल्यावर त्यांनी जुनी ओळख असल्यासारखी मान हलवली. भाकरीचं गाठोडं आणि पलटणीतले बूट त्यांनी वाळूवर ठेवले आणि दोघं लांबच्या एका खडकाकडे निघाले.

जाळं विणत बसलेल्या म्हाताऱ्या कोळ्यानं हाक मारली, "पावणे, भरती लागली हां. बेगीन माघारी या."

"अठरा दिस समुद्रावर हुतो आमी," लालासाहेब बायकोला म्हणाले. "आमास्नी शिकवतोय."

बनुबाईंनी हात जोडून नारळ सोडला. तो तरंगत गेला आणि लाटेबरोबर परत पायाशी आला. पुन्हा सोडला, पुन्हा आला.

"आवं, घेईना झालाय. काय चुकलं का आपलं?"

"दे हिकडं." लालासाहेबांनी हातगोळा फेकावा तसा नारळ भिरकावला. थोड्या वेळानं तो पुन्हा हजर. या भांडणात बराच वेळ गेला. मग बनुबाई शांतपणे म्हणाल्या, "आवं, तुमची बुटं चालली."

मागे वळून पाहिलं तर वाळू नव्हतीच. बूट आणि गाठोडं पाण्यावरून निघाले होते.

"लाट आसंल. जाईल माघारी," लालासाहेब म्हणाले. लाट काही गेली नाही. पाणी गुडघ्याला लागलं, तेव्हा कोळीच होडी घेऊन आला. खडक चुकवायला त्यानं होडी चांगली खोल पाण्यातून वळवली. दोन हेलकाव्यांत लालासाहेब पिवळे पडले, तळाशी आडवे झाले आणि सवयीनं म्हणाले, "बालदी."

पाणी उपसायचं डबडं पुढं करत कोळ्यानं विचारलं, "पयल्यांदाच बसलाव काय?"

बनुबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. खोंडाएवढे मासे, डोंगराएवढ्या लाटा, सगळं त्यांच्या ध्यानात आलं. नारळ कोळ्याच्या हवाली झाला. भरती उलटली की सोडीन, म्हणाला.

परतीच्या मोटारीत अनवाणी बसलेल्या लालासाहेबांनी हळूच म्हटलं, "गावात इचारतील."

"इचारतील की."

दुसऱ्या संध्याकाळी देवाला दिवा लावून येणाऱ्या बनुबाईंना शेजारच्या नाथाजीनं पारावरच गाठलं. "वैनी, हवालदार सांगत्यात तसाच हाय का समुद्र?"

लालासाहेब पायाच्या अंगठ्याकडे बघू लागले.

"तसा कुठला?" बनुबाई म्हणाल्या. "त्यानी निम्मंबी सांगितलं न्हाई. आमी होडीत हुतो. पाणी बघंल तितकं हिरवंगार, जुंधळ्याच्या रानावानी हलणारं. आन् मधनंच एक काळा मासा उडाला, ह्यो एवढा."

"मासा?" लालासाहेबांच्या तोंडून निघून गेलं. "कवा?"

"तुमी खाली बगत हुता तवा."

कुणाला काही कळलं नाही. लालासाहेब पारावरून उतरले आणि पोरासोरांत पुढं जाऊन बसले.

"मग?" ते म्हणाले. "पुढं?"