भिंतीला उलटा हात

सेक्टर दहामध्ये राहायला आलो त्या दुपारी एक म्हातारा आमच्या भिंतीला उलटा हात टेकवून, डोळे मिटून उभा होता. मी नमस्कार केला.

"थांबा," तो म्हणाला, "पाहून राहिलो."

हे शेजारचे गजभिये काका. पोलाद कारखान्यात भट्टीच्या पत्र्याला हाताची मागची बाजू लावून, आतली वीट कुठं झिजली ते सांगण्यात त्यांची हयात गेली. निवृत्त झाल्यावर भट्टी सुटली, सवय सुटली नाही. दारं, कूलर, भाजीवाल्याचा ठेला, एकदा माझं टक्कल. "आतून जळून राहिलं, बाहेर पत्ता नाई," हे त्यांचं पालुपद. टकलाबद्दलही तेच म्हणाले.

काकू वारलेल्या. काका घरात कुणाला घेत नसत. आणि आमच्या सामाईक भिंतीपलीकडून भर दुपारी एक आवाज यायचा. ऊंऽऽ. एकसुरी, पातळ, माणसाचा म्हणावा तर शब्द नाहीत. विचारायची माझी छाती झाली नाही. मी दाराला लिंबू-मिरची टांगली. काकांनी लिंबाला उलटा हात लावून पाहिला आणि निघून गेले.

बायकोला, वर्षाला, सातवा महिना लागला होता. दोन दिवस ओटीपोट जड, लघवीला जळजळ. ताप नाही. माझं वैद्यकीय ज्ञान ओव्यापासून सुरू होतं आणि ओव्यापाशीच संपतं. "गॅस असेल," म्हणून मी ओवा दिला.

दारातून जाणारे काका थबकले. "पोरी, चेहरा कावून उतरला? ताप?"

"नाही काका."

"कंबर? लघवीले जळजळ?"

वर्षानं मान खाली घातली. मी भडकलो. "काका, हे काय विचारणं झालं? तुमचे मंतर-तंतर तुमच्या घरी."

"चला मंग घरी," म्हणून त्यांनी माझं मनगट धरलं.

आतल्या खाटेवर तिशीची एक बाई. पाय कात्रीसारखे एकमेकांत आवळलेले, नजर पंख्यावर. ऊंऽऽ.

"माही मीनू. सातव्यातच आली. हिच्या मायले बी ताप नव्हता. डाक्टरनं मंग सांगितलं, पिशवीत इन्फेक्शन चढलं होतं. त्याची झळ पोटातल्या पोटात पोरीच्या कवळ्या मेंदूले लागली. मेंदूतल्या वायरीवर आवरण चढायच्या आधीच जळलं." ते आपल्या हाताकडे बघत राहिले. "दिवसभर भट्टी पाहत होतो, भाऊ. घरी आलो त हिची माय म्हणे, कंबर दुखून राहिली. मी म्हटलं, गॅस हाये."

त्याच पावली वर्षाला दवाखान्यात नेलं. संसर्ग लघवीतच होता, वर चढला नव्हता. डॉक्टरीणबाईंनी तिला औषध दिलं आणि मला ओव्यावरून झाडलं.

नऊ महिने भरून मुलगी झाली. काका उंबऱ्याबाहेरच थांबले.

"लावू?"

तिच्या कपाळावर त्यांनी उलटा हात ठेवला, डोळे मिटले. बराच वेळ. मग ते घरी गेले.

थोड्या वेळानं भिंतीपलीकडून त्यांचा आवाज आला. "मीनू, पोरगी चांगली हाये बेटा. आत काई जळत नाई."

ऊं थांबलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, माझा हात भिंतीवर होता. उलटा.