मोतीरामभाऊंची बुटकी बाग

डोणगावच्या अलीकडे मोतीरामभाऊंच्या घरासमोरून जाणारी प्रत्येक एसटी एकदा तरी फुकट थांबलेली आहे. भाऊंचं घर रस्त्यापासून जरा आत, आणि मधे त्यांचं वावर. बसचा आवाज आला की भाऊ ओट्यावर उभे राहतात आणि खांद्यावरचा पांढरा दुपट्टा डोक्यावर गरागरा फिरवतात. नवखा ड्रायव्हर समजतो, म्हातारा वावरातून पळत येणार, थांबा बापा दोन मिनिटं. कंडक्टर दार उघडून वाट पाहतो. आणि भाऊ काय करतात? दुपट्टा खांद्यावर टाकतात आणि खाली बसतात! मग कंडक्टर जे बोलतो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मी या भागाचा कृषी सहायक. अनुदान म्हटलं की लोक माझ्या मागे फिरतात, जेवताना फोन करतात, लग्नात पंगतीत गाठतात. अख्ख्या नोकरीत एकाच माणसाच्या मागे मी अनुदान घेऊन फिरलो, तो हा. आणि सुरुवात त्यानंच केली होती, हे विशेष.

झालं असं, की गाव रस्त्याच्या कडेकडेनं पसरत आलं. भाऊंच्या डाव्या हाताला प्लॉट पडले, उजव्या हाताला पडले, मधे त्यांचं काळंभोर वावर तेवढं उरलं. दलाल रोज चहाच्या वेळेला हजर. मुलगा बंडू संभाजीनगरात नोकरीला, तोही फोनवर एकच पालुपद लावून बसलेला : बाबा, विकून टाका. एक दिवस भाऊ मला म्हणाले, "साहेब, मी जिता हाये तोवर हे वावर हाये. मी गेलो का दुसऱ्या दिवशी चुन्याच्या रेघा पडल्या समजा. याले वावरच ठेवाचं, असं काही सरकारजवळ हाये का?"

होतं ना! फळबागेची योजना होती. खड्डे, रोपं, ठिबक, सगळ्याला पैसा. बाग जगेल तसा पुढचा हप्ता, आणि मधेच बाग मोडून प्लॉट पाडले तर घेतलेलं सगळं परत. वावर बाप-लेकाच्या नावावर, म्हणून बंडूची संमती लागत होती. अनुदान हा शब्द ऐकताच त्यानं सही ठोकली. खालची अट वाचण्याइतका धीर त्याच्यात कुठला?

मी खुशीत भाऊंकडे गेलो. म्हटलं, "आंबा लावा."

"उंच होते?"

"आंबा आहे भाऊ, होणारच."

"आडवं येते."

संत्रा? आडवं येते. पेरू? आडवं येते. शेवटी म्हटलं सीताफळ लावा, ते तर झुडूपच असतं. भाऊ उठले, छातीशी हात धरून म्हणाले, "इथलोकच राहते का?"

"डोक्याच्या वर जाईल की!"

"मंग आडवं येते. बसकं झाड नाही का तुमच्या हापिसात?"

कोणाला आडवं येते, बुवा? ते काही सांगेनात. मग माझ्या ध्यानात यायला लागलं, की हा माणूस तूर पेरत नाही, कपाशी लावत नाही. हरभरा, मूग, भुईमूग, बास. एखाद्या वर्षी सोयाबीन पेरलंच, तर ते गुडघ्याच्या वर गेलं तरी कपाळाला आठ्या. बस यायच्या वेळेला म्हैस मधे उभी दिसली की ओट्यावरून ओरडणार, "हट बे, आडवी येऊन राह्यली!" आणि अख्ख्या तालुक्यात फक्त यांच्याच वावरात बुजगावणं मांडी घालून बसलेलं आहे. पाखरं त्याच्या डोक्यावर बसतात. भाऊंना त्याचं काही नाही.

शेवटी एकदाचे सीताफळाला तयार झाले. माणसाची जिरवावी तर अशी, म्हणून मी ऐटीत खड्डे पाहायला गेलो. पाहतो तर काय, दोन्ही कडांना खड्डे झकास, आणि मधोमध, ओट्यापासून थेट डांबरी रस्त्यापर्यंत, दोन बैलगाड्या शेजारी शेजारी जातील एवढा उघडा पट्टा! मी भडकलो. "भाऊ, मधल्या ओळी कुठं गेल्या? वर मी काय सांगू? माझी नोकरी खाता का?"

"बसा," भाऊ म्हणाले. काकू, म्हणजे त्यांची बायको, वारल्यापासून चहा तेच करतात. गूळ जास्त, पत्ती कमी. कप माझ्या हातात दिला आणि रस्त्याकडे पाहत म्हणाले, "सुनी हाये ना माही, पोरगी. सुलतानपूरले राहते."

भाऊंना मुलगी आहे हेच मला माहीत नव्हतं.

"तिनं तिच्या मनानं लगन केलं. मीच म्हटलं, या ओट्यावर पुन्हा पाय ठेवू नको. लय बोललो साहेब. तिची माय रडत होती तरी बोललो. आता कधीमधी याच रस्त्यानं बसनं जाते म्हनतात."

"मग फोन करा की."

"करतो ना. ती उचलते. मी हॅलो म्हनतो, अन् पुढं काही निघतच नाही तोंडातून." त्यांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं. "तिले वाटत असन, बाबा अजून रागातच हाये. म्हनून म्हटलं, बसमधून घर दिसलं पाहिजे. मी हात करून राह्यलो दिसलो, तर उतरन. इथं माडी झाली का झाडं झाली, तिले काय दिसन?"

माझा चहा तसाच राहिला. फार वाईट वाटलं. मी कागद काढला आणि मधल्या पट्ट्यासमोर लिहिलं : गाडीवाट. बागेला गाडीवाट लागतेच, फळं काय डोक्यावरून नेणार? कोणी विचारलंच तर मी पाहून घेईन.

तेवढ्यात मेहकरकडून बसचा आवाज आला. भाऊ उठले, दुपट्टा गरागरा फिरवला. न राहवून मीही उठलो आणि हातातला रुमाल फिरवायला लागलो. दोन-दोन माणसं बोलावताहेत म्हटल्यावर बस करकचून थांबली. कंडक्टर दारातून ओरडला, "ओ बाबा! बसमधी याचं हाये का नाही?"

एरवी भाऊ खाली बसले असते. त्या दिवशी ते ओटा उतरले, त्या उघड्या पट्ट्यातून चार पावलं पुढं गेले आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडले,

"मले नाही याचं! कोनी उतरते का, तेवढं इचारून पहा ना!"

कंडक्टरनं शिवी दिली नाही. तो मागे वळला आणि बसमध्ये पाहायला लागला.